नाताळची गाणी : केव्हा, कोणती आणि कुणाच्या दारात



नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटला की आमच्या धर्मग्रामात एक प्रश्न न चुकता वर येतो. कॅरलला यंदा कोणती गाणी घ्यायची? प्रश्न छोटा दिसतो, पण त्यावरून मिटिंगमध्ये आवाज चढतात, तरुण मुले रुसून बसतात, कॉयरमधल्या जुन्या बायका एकमेकींकडे बघतात आणि फादर घड्याळाकडे. आम्ही नवरा-बायको दोघेही बरीच वर्षे या कामात आहोत. घरी दोन शाळकरी मुले आहेत, त्यामुळे चर्चमधला वाद संध्याकाळी जेवणाच्या ताटावरही येतो. आमची मते इथे मांडतो. सगळ्यांना ती पटतील असे नाही.

पहिले मत वेळेबद्दल. बेळगावात कॅम्पातल्या बेकऱ्यांच्या काचांवर कापूस चिकटवून बर्फ केला जातो तेव्हा आगमनकाळाचा पहिला रविवारसुद्धा आलेला नसतो. दुकानात नाताळची गाणी सुरू होतात, शाळांची गॅदरिंग होतात, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कॅरलचे ग्रुप फिरू लागतात. मग पंचविसाव्या तारखेला दुपारी जेवण झाले की सगळे आडवे. सव्वीस तारखेला चांदणी खाली उतरते, गोठ्यातली मेंढरे वर्तमानपत्रात गुंडाळली जातात, आणि रेडिओवर नवीन वर्षाच्या पार्टीची गाणी लागतात. जो सण पंचविसाव्या तारखेला सुरू होतो तो आपण त्याच दिवशी संपवून टाकतो. लग्नाआधी महिनाभर रोज वरात काढायची आणि लग्न लागले की मांडव सोडायचा, तसे काहीसे हे झाले आहे.

चर्चने या दिवसांची आखणी फार समजून केली आहे. आगमनकाळाचे चार रविवार वाट पाहण्याचे. त्या दिवसांत वेदीवर जांभळा रंग असतो आणि मिस्सेत 'ग्लोरिया' म्हटला जात नाही. ते देवदूतांचे शब्द आहेत, बेथलेहेमच्या माळावर मेंढपाळांनी ऐकलेले. चार आठवडे ते बाजूला ठेवायचे, म्हणजे नाताळच्या रात्री घंटा वाजवत ते परत आले की अंगावर काटा येतो. लहान मुलालाही हे कळते. आमच्या धाकट्याने एकदा विचारले होते, "ते गाणं हरवलं होतं काय?" हरवले नव्हते, राखून ठेवले होते.

म्हणून आमच्या घरी एक पद्धत आहे. आगमनकाळात नाताळची गाणी लावायची नाहीत, वाट पाहण्याची गायची. अशी गाणी आहेत आणि ती सुंदर आहेत. सतरा ते तेवीस डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या प्रार्थनेत मारियेच्या गीताआधी येशूला रोज एका नव्या नावाने हाक मारली जाते : ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दावीदाची किल्ली, उगवती पहाट, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. आम्ही रात्री जेवणाआधी मेणबत्ती लावून त्या दिवसाचे नाव घेतो आणि एखादे कडवे म्हणतो. पाच मिनिटांचे काम आहे. गोठा मांडलेला असतो, पण गव्हाण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. मिस्सेहून परत आल्यावर घरातले सगळ्यात लहान मूल झोपाळलेल्या डोळ्यांनी बाळ येशूला तिच्यात ठेवते. मग गाणी सुरू होतात, आणि ती प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत थांबत नाहीत. शेजारचे विचारतात, "तुमची चांदणी अजून वरच काय?" वरच. दिवाळीचा आकाशकंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो हे त्यांनाच आठवून दिले की हसतात.

यात कडकपणा करू नये, हेही सांगतो. मोठ्या मुलीला शाळेच्या कार्यक्रमात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाताळगीत गायचे असते. गाऊ दे. घरात सराव करते तेव्हा आम्ही कान झाकून घेत नाही. मुलांच्या तोंडातले गाणे हिसकावून आगमनकाळ पाळला जात नाही. उलट मुले त्या जांभळ्या मेणबत्तीवरच डूख धरतील.

दुसरे मत कोणती गाणी यावर, आणि भांडण खरे इथेच आहे.

'जिंगल बेल्स' घ्या. आमच्या तरुणांचे ते लाडके. ढोलकीवर उत्तम बसते, सांताक्लॉजच्या वेशातला मुलगा नाचतो, गल्लीतली पोरे मागे धावतात. हे गाणे जेम्स पियरपाँट या अमेरिकन माणसाने १८५७ साली छापले. त्यात एका घोड्याची बर्फावरची घसरगाडी आहे, तरुणांची मजा आहे, आणि ख्रिस्तजन्माचा एक शब्दही नाही. गाणे पापी आहे असे आमचे म्हणणे नाही. सहलीच्या बसमध्ये आम्हीही ते म्हटले आहे. पण कॅरलचा ग्रुप रात्री एखाद्याच्या दारात उभा राहतो तो एक बातमी घेऊन. आमच्या गल्लीत दहा घरांपैकी दोन ख्रिस्ती. बाकीच्या घरांतली माणसे गॅलरीत येऊन ऐकतात, आणि त्यांतल्या पुष्कळांसाठी आपल्या श्रद्धेबद्दल वर्षभरात कानावर पडणारे तेवढेच असते. त्या दहा मिनिटांत आपण त्यांना घोडागाडीची गोष्ट सांगून पुढच्या गल्लीत जातो. बेळगावात डिसेंबरात थंडी चांगलीच पडते, कानटोपी लागते, पण बर्फ अजून कुणी पाहिलेला नाही.

दुसऱ्या टोकाला काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात की जुनी इंग्रजी कॅरल्स तेवढी खरी, बाकी सगळे थिल्लर. त्यांनाही थोडा इतिहास सांगावासा वाटतो. 'सायलेंट नाइट' आज सगळ्यांत पवित्र वाटते. ते ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात १८१८ च्या नाताळच्या संध्याकाळी पहिल्यांदा गायले गेले, तेव्हा कोरे करकरीत होते आणि साथीला गिटार होती. शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची. आज आमच्या मुलांनी चर्चमध्ये गिटार काढली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हे गाणे म्हणताना ती गिटार आठवावी. 'जॉय टू द वर्ल्ड' आयझॅक वॉट्स यांनी १७१९ साली छापले ते अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रावरून. त्यात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, तारा नाही. पृथ्वीवर राज्य करायला येणाऱ्या प्रभूचे ते गाणे आहे, म्हणजे एका अर्थाने आगमनकाळातच जास्त शोभेल. हॅन्डलचा 'मसाया' नाताळात ठिकठिकाणी गातात, पण तो डब्लिनमध्ये पहिल्यांदा सादर झाला १७४२ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या मागेपुढे. तेव्हा जुने म्हणजे आपोआप नाताळचे, असे काही नाही. दारात म्हणायचे गाणे येशूबद्दल काय सांगते एवढेच आम्ही विचारतो. जुने-नवे, गिटार-पेटी हा प्रश्न त्यानंतरचा.

आणखी एक आवाज अलीकडे ऐकू येतो. आमच्या नातेवाइकांपैकी काही दुसऱ्या मंडळीत जातात. ते म्हणतात, बायबलमध्ये पंचवीस डिसेंबर कुठे लिहिलाय? मग हे गाणेबजावणे, करंज्या, चांदण्या सगळे मनुष्यांचे. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही, आणि हा विचार नवाही नाही. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ साजरा करणे बंद केले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून बावीस वर्षे नाताळ पाळणाऱ्याला दंड होता. हे करणारे लोक भाविक ख्रिस्तीच होते. तारीख बायबलमध्ये नाही हे खरेच. पण लूकच्या शुभवर्तमानाची पहिली दोन पाने उघडून पाहा. मारिया अलिशिबेच्या घरी जाते आणि तिच्या तोंडून गीत बाहेर पडते. मुका झालेला जखऱ्या बोलू लागतो तो स्तुतीचे गीत बोलतो. माळावर देवदूत, मंदिरात म्हातारा शिमोन. एका जन्माच्या गोष्टीत चार गीते! (मूळ मजकुरात देवदूत 'गात' होते असे म्हटलेले नाही, स्तुती करत 'म्हणाले' एवढेच आहे. पण एवढा मोठा समुदाय एका वेळी एकच वाक्य बोलला तर त्याला गाणे म्हणायला आमची हरकत नाही.) ज्या घटनेची गोष्ट सांगताना शुभवर्तमानकाराला चार वेळा गीताकडे वळावे लागले, तिच्यासाठी आपण मुकाट बसावे हे आम्हाला पटत नाही.

मारियेच्या त्या गीतात बलाढ्यांना आसनावरून खाली ओढणारा आणि भुकेल्यांना पोटभर देणारा देव आहे. आपल्या कॅरलच्या यादीत ही गोष्ट सांगणारे एक तरी गाणे असते का? आमच्या वह्या चाळून बघितल्या. तारे, घंटा, थंडी, झोपलेले बाळ पुष्कळ आहे. भुकेले फारसे नाहीत.

आता मराठीबद्दल. हे लिहिताना आमचा सूर थोडा वर जाईल, सांभाळून घ्या.

आमच्या धर्मग्रामात एका रविवारी चार भाषा ऐकू येतात. इंग्रजी, कोंकणी, कन्नड, मराठी. यात दुःख करण्यासारखे काही नाही, हीच आपल्या सीमाभागाची श्रीमंती. पण कॅरलची वेळ आली की चारही भाषांतली मुले इंग्रजीकडे पळतात, आणि मराठी गाणे विचारले तर "जुनं आहे", "चाल येत नाही" असे उत्तर मिळते. जणू ख्रिस्तजन्माची गोष्ट मराठीला परकी आहे. हे आपल्याच घराण्याचे विस्मरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा शिकून, इथल्याच ओवी छंदात दहा हजारांहून अधिक ओव्यांचे पुराण रचले, आणि १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. आपण त्याला 'ख्रिस्तपुराण' म्हणतो. पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव होते ते आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण, अशा अर्थाचे. येणे, म्हणजे आगमनच. गोव्यातल्या चर्चमध्ये ते मोठ्याने वाचले जाई. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनीही ते जपले, आणि १९०७ साली मंगळूरहूनच ते पुन्हा छापून आले. 'सायलेंट नाइट' जन्मायच्या दोनशे वर्षे आधी बेथलेहेमची गोष्ट ओवीत सांगितली गेली होती, आणि ज्याची मातृभाषा मराठी नव्हती अशा माणसाने ती सांगितली होती.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. ते आपल्या मंडळीचे नव्हते, म्हणून कॅथोलिक घरांत त्यांची गीते म्हणायला पूर्वी काही जण बिचकत. आता तसे कारण उरले नाही. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. नवऱ्याचे अर्धे राहिलेले ख्रिस्तचरित्र बायकोने पुरे करावे, यापेक्षा घरगुती परंपरा आणखी कोणती असते? १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज काढला, त्यातही लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. परवानगी केव्हाच मिळालेली आहे, इच्छा तेवढी हवी. वडोदऱ्याला, इंदूरला आमचे नातलग आहेत. तिथे मराठी ख्रिस्ती घरे इतकी विखुरलेली की नाताळच्या रात्री ते आम्हाला फोन करून "एक मराठी म्हणा" म्हणतात आणि फोन टेबलावर ठेवून ऐकतात. ज्यांच्या दारात ती गाणी सहज येऊ शकतात त्यांना मात्र ती नको असतात.

यातूनच आमच्या घरी एक गोष्ट रुजली. मराठी घरात बाळाचे बारसे बाराव्या दिवशी करतात, पाळणा म्हणतात, नाव कानात सांगतात. आपल्या बाळाचे नाव आठव्या दिवशी ठेवले गेले, लूकनेच तसे लिहिले आहे. नाताळपासून मोजले तर आठवा दिवस येतो एक जानेवारीला, आणि त्या दिवशीच्या मिस्सेत नेमका हाच उतारा वाचतात. पण आदल्या रात्रीच्या जागरणाने सगळ्यांचे डोळे मिटत असतात. एक जानेवारीला संध्याकाळी आम्ही गोठ्यासमोर बसून पाळणा म्हणतो. घरातली मोठी बाई सुरू करते, बाकीचे मागून. शेवटी मुले येशूचे नाव एकमेकांच्या कानात सांगतात, आणि त्यात हसणेखिदळणे होतेच. शेजारच्या वहिनी मुद्दाम येतात, कारण पाळणा त्यांच्या ओळखीचा. त्यांना काहीही समजावून सांगावे लागत नाही. येताना कुंदा घेऊन येतात आणि जाताना करंज्या-दोदोल घेऊन जातात.

तिसरे मत कुणाच्या दारात जायचे यावर. गाण्यांच्या यादीपेक्षा आम्हाला याचीच जास्त काळजी वाटते.

ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेले असते, तिथे त्या नाताळला चांदणी लागत नाही, गोडधोड होत नाही. शेजारी आणि नातेवाईक ताट झाकून पाठवतात. ही रीत आम्हाला आवडते. त्यात दुःखाला जागा आहे आणि माणूस एकटा पडत नाही. पण कॅरलचे ग्रुप अशा घरापाशी आले की ढोलकी थांबते आणि सगळे खाली मान घालून पुढे निघून जातात. मुलांच्या मनात वाईट काही नसते, त्यांना फक्त अवघडते. आमच्या ओळखीच्या एका मावशींचे यजमान गेले, त्यानंतरच्या डिसेंबरात असेच झाले. गाणी आली, कोपऱ्यावर थांबली आणि वळून पलीकडे गेली. त्या दिवा लावून दाराआड बसल्या होत्या. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्या आम्हाला इतकेच म्हणाल्या, "कायओ, आमचं घर वाटेत लागत नव्हतं काय?"

या वाक्यापुढे जिंगल बेल्सचा वाद अगदीच किरकोळ वाटतो.

नाताळ हा सुखी घरांचाच सण आहे असे चर्चने कधी मानलेले नाही. कॅलेंडर पाहा. पंचवीस डिसेंबरच्या दुसऱ्याच दिवशी संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारला गेलेला. अठ्ठावीस तारखेला हेरोदाने मारलेली निष्पाप बालके आणि आपल्या मुलांसाठी रडणारी, समजूत घालून न घेणारी राहेल. गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर हा आकांत आहे, आणि चर्च तो झाकत नाही. मग आपण कोण त्या दारावरून पुढे जाणारे?

आमचे म्हणणे असे. अशा घरी दोन दिवस आधी कुणीतरी मोठ्याने जाऊन विचारावे : आम्ही येऊ का? नको म्हणाले तर मान राखावा. हो म्हणाले तर सांता नको, ढोलकी नको, देणगीचा डबा तर मुळीच नको. पाच-सहा जणांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून एकच संथ गाणे म्हणावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन आमच्या बापा म्हणावे, आणि चहाला थांबवले तर थांबावे. पुढची चार घरे उशिरा झाली तरी चालतील. डब्याचा विषय निघालाच आहे तर एक वाक्य : जमलेले पैसे ग्रुपच्या सहलीला वापरायचे असतील तर तसे आधीच सांगावे, गरिबांच्या नावाने मागू नयेत.

तरुणांना हे जड जाईल असे मिटिंगमध्ये कुणी म्हणाले. आमचा अनुभव वेगळा आहे. कॉलेजातली जी मुले शंभर वॅटच्या स्पीकरशिवाय गाणार नाही म्हणत होती, तीच मागच्या वर्षी एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या खोलीत, साथीशिवाय, भिंतीला टेकून 'सायलेंट नाइट'चे मराठी शब्द वहीत बघून गायली. सूर दोनदा घसरला. आजोबांचे ओठ हलत होते, त्यांना सगळी कडवी पाठ होती, आणि मुले त्यांच्या ओठांकडे बघून पुढची ओळ धरत होती.

यंदाचा बेत असा. आगमनकाळाच्या पहिल्या तीन आठवड्यांत सराव, आणि घरोघरी जाणे सतरा डिसेंबरनंतरच. काही घरे मुद्दाम पंचवीस ते एकतीसच्या दरम्यान ठेवली आहेत. 'कॅरल संपली की' असे कुणी म्हणाले तर त्यांना कॅलेंडर दाखवू. यादीत चारही भाषा आहेत, प्रत्येक दारात किमान एक मराठी, आणि मारियेच्या गीतावरचे एक. जिंगल बेल्स मुलांच्या आग्रहाखातर टेम्पोत बसल्यावर, दोन गल्ल्यांच्या मधल्या प्रवासापुरते ठेवले आहे. ज्या घरांत यंदा चांदणी लागणार नाही त्यांची यादी सर्वांत आधी केली असून ती आमच्याकडे आहे. तुमच्या ओळखीचे असे घर राहून गेले असेल तर मिस्सेनंतर गाठून सांगा.

आणि एक विनंती. तुमच्या आजीच्या ट्रंकेत गाण्यांची जुनी वही असेल, बाळ येशूचा पाळणा उतरवलेला असेल, तर घेऊन या. पाने सुटलेली असली तरी चालेल. फोटो काढून वही तिथल्या तिथे परत देऊ. चाल आठवत असेल तर त्याहून उत्तम, आजींनाच आणा. गुरुवारी संध्याकाळी सहाला सराव असतो, त्यांच्यासाठी खुर्ची आणि चहा ठेवू.